विहीर नावाचा बंकर

हातात सदा दाताळं असायचं म्हणून, की समोरचे दोन दात जरा पुढे होते म्हणून, कोण जाणे, पण गोल्फच्या मैदानावर सगळे तिला दाताळी म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. "दोन्ही माझीच आहेत," ती म्हणायची, "आणि दोन्ही अजून मजबूत आहेत."

तिचं काम वाळूचं. मैदानावर अठरा झेंड्या, प्रत्येक झेंडीच्या बुडाशी मूठ जाईल एवढं भोक, आणि त्या भोकात चेंडू सुखासुखी पोचू नये म्हणून वाटेत नाना अडचणी मांडून ठेवलेल्या. एक तळं, एक ओढा, काटेरी झुडपांच्या दोन रांगा, आणि सगळ्यांत जास्त वाळूचे खड्डे. त्यांना बंकर म्हणतात. असे एकेचाळीस बंकर. चेंडू वाळूत पडला की खेळाडू आत उतरतो, लोखंडी तोंडाच्या काठीने वाळूसकट तो बाहेर उडवतो आणि पावलांचा, काठीचा सगळा पसारा मागे टाकून जातो. खरं तर जाताना त्यानेच तो सारखा करायचा असतो. पण वाळूत चेंडू गेलेल्या माणसाला रीतभात आठवत नाही. मग दाताळी यायची आणि ती वाळू पुन्हा अशी करून ठेवायची, की जणू जगात आजवर कोणी चुकलंच नाही.

तिची आई होती तेव्हा तिला हे काम काही केल्या समजायचं नाही. "म्हणजे लोकांच्या वाटेत मुद्दाम खड्डे खणायचे," आई विचारायची, "आणि ते बुजू नयेत म्हणून तू?"

"हो."

"अगं, जगात अडचणींचा काय तुटवडा पडलाय, की त्या राखायला माणूस लागावा?"

दाताळी हसायची. पण आईला कसं सांगणार, की नवव्या झेंडीपाशी एक खड्डा आहे आणि तो बघितल्यावर असले प्रश्न पडायचे थांबतात?

अगदी सुरुवातीला ती मैदानावर आली ती खुरपणीला. गवतातलं तण काढायचं, टोपलीत भरायचं, दिवस संपवायचा. आठवडाही झाला नसेल, वाळूवरचा माणूस आला नाही. मुकादमाने आजूबाजूला नजर टाकली, ही दिसली, हिच्या हातात दाताळं दिलं. मुकादम तेव्हा तरुण होता, पण बोलणं आतासारखंच तुटक. नवव्या झेंडीपाशी आणून म्हणाला, "डोकावून बघ. काठावर भार देऊ नकोस."

तिने डोकावून बघितलं. हिरव्यागार गवतात जमिनीने एकाएकी आ वासावा तसा तो खड्डा. दीड पुरुष खोल. तीन बाजूंनी गवताच्या विटा एकावर एक रचून उभी केलेली भिंत, चौथ्या बाजूने अकरा लाकडी पायऱ्या, आणि तळाशी पांढरी स्वच्छ वाळू. सगळे त्याला विहीर म्हणत. ती पायऱ्या उतरून खाली गेली. तिसऱ्या पायरीला वारा थांबला. सातव्या पायरीला गवत कापायच्या यंत्राची घरघर थांबली. खाली पोचली तेव्हा तिच्या वाट्याला फक्त आभाळाचा एक गोल तुकडा आणि स्वतःचा श्वास उरला होता. दाताळं हातात तसंच राहिलं. कोणीतरी खेळासाठी, नुसत्या खेळासाठी, एवढं काहीतरी बांधलं होतं.

"बांधणारा सहा महिने याच एका खड्ड्यापाशी होता म्हणे," मुकादमाने वरून सांगितलं. "तीनदा बांधला, तीनदा मोडला. चौथ्यांदा म्हणाला, आता ठीक."

वाळूवरचा माणूस पुन्हा आलाच नाही. दाताळं तिच्याकडेच राहिलं.

वाळू शिकायला तिला वर्षं लागली. वाळूला स्वतःचं एक मत असतं. तिला एका मर्यादेपर्यंत चढ द्या, ती उभी राहते. त्याहून बोटभर जास्त द्या, न बोलता, न भांडता ती खाली येऊन बसते. गोल दाण्याची वाळू घरंगळते, कोनेरी दाण्याची एकमेकीला धरून राहते. चेंडू उंचावरून सरळ पडला तर तो वाळूत अर्धा रुततो आणि पांढऱ्या डोळ्यात बुबुळ असावं तसा खेळाडूकडे बघत राहतो. दाताळं ओढताना हात जड पडला तर सऱ्या उमटतात, चेंडू सरीत अडकतो आणि चूक खेळाडूची न राहता तिची होते. म्हणून ती दाताळ्याचे दात टेकवायची नाही, नुसते वाळूवरून तरंगवायची. सकाळी सगळ्यात आधी ती पोचायची, कारण तेव्हा रात्रीची हजेरी वाळूवर लिहिलेली असायची. पक्ष्यांची नक्षी, भुंग्याची शिवण, सापाचा एकच लांबलचक वेलांटीसारखा वळसा. एकदा तळ्यातलं कासव विहिरीत पडलं होतं. भिंतीला लागून त्याने सगळ्या तळाला सात फेऱ्या घातल्या होत्या, आणि आठव्या फेरीच्या निम्म्यात थांबून ते तिची वाट बघत बसलं होतं. तिने त्याला दोन्ही हातांनी उचलून तळ्यात नेऊन सोडलं, पण त्या सात फेऱ्या मोडताना तिचा हात जरा अडखळला होता.

घरी तिचा नवरा शिंपी. किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाईचं मशीन, मागे स्वयंपाक आणि झोपणं. ती आली की दारातच बूट झटकायची, विजारीचे दुमडलेले पाय उलगडायची, तरी वाळू आत यायचीच.

"माझ्या मशीनच्या पोटात तुझी वाळू जाते," नवरा म्हणायचा. "परवा एका गिऱ्हाइकाच्या कॉलरमधून निघाली. तो म्हणे, समुद्रावर शिवता काय?"

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, हो. बायकोला तिथून हलवत नाही."

असं सगळं नीट चाललं होतं. मग विहीर आजारी पडली.

एका वर्षी पावसानंतर तिच्यात पाणी साठायला लागलं. आधी एक दिवस, मग तीन दिवस, मग आठवडा. वाळूखाली खडी होती, खडीत निचऱ्याचे पाइप होते, ते भिंतीखालून ओढ्याकडे जात होते. सगळं कागदावर होतं. पण पाणी कागद वाचत नाही. पूर्वेची भिंत भिजून भिजून पोट काढल्यासारखी पुढे आली आणि एका सकाळी दाताळी पोचली तर तिचा कोपरा वाळूत आडवा झालेला होता. भिंत पुन्हा बांधली. पुन्हा पडली. पाइपात तार घातली, ती दहा हात जाऊन अडली. शहरातून एक जाणकार आला, त्याने यंत्राने पाण्याचा झोत मारून बघितला, मान हलवली आणि म्हणाला की सगळंच उकरावं लागेल, आणि उकरूनही खात्री नाही.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने तिला ऑफिसात बोलावून, खुर्चीवर बसवून सांगितलं.

"ताई, समितीने ठरवलंय. विहीर बुजवायची. वर गवत लावू, उथळसा एक खड्डा ठेवू. दीड महिन्यावर स्पर्धा आलीय, त्याच्या आत."

ती दाताळं दाराबाहेर भिंतीला टेकवून आली होती, तिकडे बघत राहिली.

"तुमचं काम कमी होणार नाही," मॅनेजर म्हणाला. "चाळीस आहेतच."

"हो," ती म्हणाली. "चाळीस आहेतच."

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने मशीन थांबवलं. एरवी ज्याची जीभ कात्रीसारखी चालायची तो माणूस हातातली बाही नुसती उलटीसुलटी करत बसला. शेवटी म्हणाला, "मी एकदा बघायला यायला हवं होतं."

त्याच आठवड्यात मास्तर आले.

येणारी स्पर्धा अंधांची होती. न दिसणारी माणसं गोल्फ खेळतात, हे दाताळीने ऐकलं होतं, पण ते कानाने ऐकलेलं होतं, मनाने नाही. मास्तर पन्नाशीचे, उंच, किडकिडीत. शाळेत गणित शिकवायचे. चाळिशीत डोळे गेले, तरी शिकवणं सुटलं नाही. सोबत धाकटी बहीण, तिला ते छोटी म्हणत, आणि छोटी चांगली पंचेचाळीस वर्षांची होती. ती त्यांच्या काठीचं तोंड चेंडूमागे नेमकं लावून द्यायची, दिशा सांगायची आणि बाजूला व्हायची. मारणं त्यांचं. स्पर्धेआधी मैदान पायाखालून घालायला ते दोघं आले होते.

मॅनेजरने त्यांना आधीच सांगून टाकलं, की नवव्यापाशी एक खोल बंकर आहे, पण स्पर्धेत तो नसेल.

"नसेल?" मास्तर म्हणाले. "मग तो आजच दाखवा. गेलेल्याची ओळख नंतर कोण करून देणार?"

मॅनेजरने दाताळीला सोबत दिलं. आंधळ्या माणसाला खड्डा दाखवायला नेणं, तेही आपण होऊन, हे तिला भलतंच वाटत होतं. पायऱ्यांपाशी आल्यावर तिने हात पुढे केला.

"नको," मास्तर म्हणाले. "पायऱ्या किती?"

"अकरा."

ते उतरले. कठड्याला हात न लावता, सरळ पाठीने. तिसऱ्या पायरीवर थांबले. "इथे वारा संपला." सातव्यावर पुन्हा थांबले. "आणि इथे ते यंत्र." दाताळीच्या अंगावर काटा आला. चोवीस वर्षांत हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं; सांगण्यासारखं आहे हेही तिला कधी वाटलं नव्हतं.

खाली गेल्यावर त्यांनी छोटीला वर राहायला सांगितलं. भिंतीपाशी जाऊन दोन्ही तळव्यांनी ती चाचपली. खालून वर, जेवढा हात पोचेल तेवढी. मग तोंडाने एक टिचकीसारखा आवाज काढला आणि मान कलती करून ऐकलं. "दहा फुटांच्या आसपास," ते म्हणाले. "पूर्वेला जरा कमी. तिकडची भिंत ओली आहे का?"

"हो," दाताळी म्हणाली.

मग त्यांनी बूट काढले. मोजे काढले, नीट घडी करून बुटात ठेवले. वाळूत उभे राहून दोन्ही पाय हळूहळू उजवीकडे डावीकडे फिरवले. हे सगळेच खेळाडू करतात. चेंडू मारायच्या आधी काठी वाळूला लावायची मुभा नसते. अंधांना ती असते, पण त्यांचाही पहिला भरवसा पायांवर. पाय रोवताना खालची वाळू केवढी जाड, केवढी घट्ट, याचा अंदाज येतो. पण मास्तरांचे पाय अंदाज घेत नव्हते. ते वाचत होते. एक पाऊल पुढे, पाय फिरवायचे, थांबायचं. पुन्हा एक पाऊल. तळाच्या मध्यापासून पूर्वेच्या भिंतीकडे ते असे अर्धा तास चालले असतील. वर छोटी गवतावर बसून शांतपणे संत्रं सोलत होती. तिला सवय असावी.

"ताई," मास्तर म्हणाले, "इथे खाली एक रेघ आहे."

"कसली?"

"गार. हातभर रुंद. मध्यापासून इकडे येते. दोन्ही बाजूंची वाळू कोमट आहे, रेघेवरची गार. आणि इथे," ते भिंतीपासून सहा पावलांवर उभे होते, "इथे ती संपते. पुढे कोरडं. जसं कोणी पुसून टाकलंय."

दाताळीने वाळूकडे बघितलं. पांढरी, सारखी, सकाळी तिनेच दाताळं फिरवलेली. रेघ नव्हती, रेघेचा भासही नव्हता.

"बघून नाही कळायचं," मास्तर म्हणाले. "वरचा थर सुकलाय. बूट काढा."

तिने बूट काढले. चोवीस वर्षांत ती वाळूत अनवाणी कधी उभी राहिली नव्हती; जाड तळाचे बूट घालायचे हा मैदानाचा नियम. पाय वाळूत गेले, बोटांच्या बेचक्यांतून वाळू वर आली. छान वाटलं, बाकी काही नाही.

"काही कळत नाही, सर."

"डोळे मिटा. आणि घाई करू नका. पाय बोलायला वेळ घेतात, त्यांना कोणी कधी विचारलेलं नसतं."

तिने डोळे मिटले. पाय फिरवले. आधी नुसती वाळू होती. मग डाव्या पायाची टाच आणि उजव्या पायाची टाच यांत काहीतरी वेगळं आहे असं वाटलं. मग वाटलं की मनाचे खेळ. ती तशीच उभी राहिली. आणि हळूहळू, घागरीच्या बाहेर ओल यावी तसा, उजव्या टाचेखालून गारवा वर आला. तिने पाय उचलून पुढे टाकला. गारवा होता. पुढे. होता. पुढे टाकला, आणि नव्हता. तिने मागे पाऊल घेतलं, पुन्हा पुढे. होता; नव्हता. जमिनीच्या पोटात, कमरेएवढ्या खोलीवर, पाणी चालत आलं होतं आणि या जागी थांबलं होतं, आणि ती ते पायांनी ऐकत होती.

डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. मास्तरांना ते दिसणार नव्हतं, म्हणून तिने पुसलेही नाहीत.

"मी इतकी वर्षं याच्यावर दाताळं फिरवतेय," ती म्हणाली.

"तुम्ही वरून फिरवत होता," मास्तर म्हणाले. "वरून तुमच्याइतकं कोणी केलं नसेल. पायांना सांगतोय मी, किती सारखी आहे ही वाळू. म्हणून तर खालचं ऐकू आलं."

त्या दिवशी त्यांनी विहिरीतून चेंडू बाहेर काढायचा प्रयत्न केला. बारा वेळा मारला, बाराही वेळा चेंडू भिंतीला लागून परत आला. तेराव्याला छोटी म्हणाली, दादा, जेवायची वेळ झाली.

दाताळी थेट मुकादमाकडे गेली. आता तो निवृत्तीला आलेला, केस पांढरे झालेले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ज्याला दिसत नाही त्याने तुला दाखवलं."

"हो."

"आणि आपण मॅनेजरला काय सांगायचं? पायाला गार लागतंय?"

"तसंच सांगायचं. दुसरं काय आहे?"

मुकादमाने टोपी काढली, पुन्हा घातली. मग दोघं मॅनेजरकडे गेली. मॅनेजर आधी हसला, मग दाताळीच्या तोंडाकडे बघून थांबला. "एक दिवस," तो म्हणाला. "नाहीतरी बुजवायचीच आहे. एक दिवस खणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती, मुकादम आणि दोन माळी विहिरीत उतरले. तिने अनवाणी उभं राहून जागा दाखवली. गारवा संपतो तिथे काठीने फुली मारली. वाळू बाजूला केली, मग खडी. कमरेएवढं खणल्यावर पाइप लागला. कुदळीने सांध्यापाशी फोडला, आणि मुकादम म्हणाला, "हे काय?"

पाइपात पाइपच होता. म्हणजे तसं वाटलं. आत तांबूस, केसाळ, गच्च भरलेलं काहीतरी होतं, पाइपाच्या आकाराचं, बोट शिरणार नाही असं. दाताळीने हात घालून ओढलं. हललं नाही. दोघांनी ओढलं. मग चौघांनी धरलं, आणि जमिनीतून ते यायला लागलं. सळसळत, ओलं, सापासारखं पण सापाहून कितीतरी लांब. येतच राहिलं. माळ्यांपैकी एकाने हात सोडले आणि मागे सरला. शेवटचं टोक सुटलं तेव्हा मागून पाण्याचा असा लोट आला, की चौघंही गुडघ्यापर्यंत भिजले.

ती मुळं होती. दोऱ्यासारखी बारीक, हजारो, लाखो, एकमेकांत विणलेली. वर गवतावर आणून पसरली तेव्हा मुकादमाने हात पसरून मोजलं. पाच वाव भरली. वेणी घालावी तशी सारखी, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. झाड कुठलं, हे शोधायला वेळ लागला नाही. त्या बाजूला एकच होतं, निलगिरीचं, आणि ते सत्तर पावलं दूर होतं. मॅनेजरने स्वतः चालत जाऊन मोजलं आणि परत येऊन तो त्या वेणीशेजारी उभा राहिला.

"आत शिरलं कुठून?" त्याने विचारलं.

मुकादमाने पाइपाचा फुटलेला सांधा दाखवला. सांध्याला एक जुनी चीर होती. तिच्यातून सुईही कष्टाने गेली असती.

दाताळी निलगिरीकडे बघत होती. कधी कोणी त्या झाडाला पाणी घातलं नव्हतं. त्याने अंधारात, दगडमातीतून, सत्तर पावलं चालत येऊन, सुईएवढ्या फटीतून एक केस आत घातला होता आणि मग जे मिळालं ते धरून ठेवलं होतं. विहीर त्याने बुजवत आणली होती, तरी तिला त्याचा राग येईना. एवढ्या चिवटपणापुढे राग लहान वाटत होता.

"झाड पाडावं लागेल," एक माळी म्हणाला.

"कशाला?" दाताळी म्हणाली. "बिनसांध्याचा पाइप घाला. ते शोधेल दुसरं काहीतरी."

बिनसांध्याचा पाइप घातला. भिंत पुन्हा रचली; या खेपेला मुकादमाने प्रत्येक थर स्वतःच्या हाताने ठोकला, कोणाला हात लावू दिला नाही. दहा दिवसांनी जोराचा पाऊस झाला. सकाळी ती पोचली तेव्हा मैदानावर जागोजाग डबकी होती, तिसऱ्याचा बंकर तुडुंब होता, तळ्याने काठ सोडला होता. ती जवळजवळ धावतच नवव्याकडे गेली. विहिरीच्या तळाशी वाळू ओली होती, घट्ट होती, आणि पाण्याचा थेंब नव्हता. कान दिला तर भिंतीपलीकडे, ओढ्याच्या अंगाला, बारीक झुळझुळ ऐकू येत होती.

समितीने बुजवायचा ठराव मागे घेतला. मॅनेजरने ते तिला ऑफिसात बोलावून नाही, विहिरीच्या काठावर येऊन सांगितलं.

स्पर्धेच्या दिवशी तेवीस खेळाडू होते आणि तेवीस वाटाडे. कोणाची बायको, कोणाचा मित्र, एकीचा सासरा. दाताळीला खेळाडूंशी बोलायची परवानगी नव्हती. खेळ चालू असताना वाटाड्याखेरीज कोणी काही सुचवायचं नसतं. ती दाताळं घेऊन झुडपांपाशी उभी राहिली. शेजारी तिचा नवराही होता. त्या दिवशी मशीनवर झाकण टाकून तो आला होता आणि काठावरून पुन्हा पुन्हा विहिरीत डोकावत होता.

मास्तरांचा चेंडू लांबून आला, गवतावर एकदा उसळला आणि विहिरीत गेला.

"पडला," छोटी म्हणाली. "विहिरीत."

"आवाजावरून कळलं," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, शपथ घेऊन सांगावा असा, आनंद होता.

अकरा पायऱ्या ते मोजत उतरले. बूट या वेळी पायातच होते, नियम तो. पाय रोवले, डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले. एकदा थांबून त्यांनी मान हलवली, जणू खालून कोणी काही सांगितलं आणि त्यांना ते पटलं. छोटीने काठीचं तोंड चेंडूमागे लावलं, दिशा सांगितली, बाजूला झाली.

पहिला फटका भिंतीच्या वरच्या कडेला लागला. चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी आला. काठावरून कोणीतरी उसासा टाकला.

दुसऱ्या वेळी त्यांनी पाय जरा रुंद ठेवले आणि गुडघे वाकवले. काठी मागे गेली, खाली आली, आणि विहिरीतून वाळूची एक पांढरी चादर उठली. वर, आणखी वर, काठाच्याही वर. तिच्या ऐन मध्यात चेंडू होता, आणि तो वाळूच्या मागे राहिला नाही, पुढे गेला नाही. वाळूनेच त्याला हातावर धरून वर नेल्यासारखा गेला. मग वाळू खाली पडली आणि चेंडू वर राहिला. हिरवळीवर टेकला. चालायला लागला.

कोणी टाळी वाजवली नाही, कारण मास्तर ऐकत होते. सगळं मैदान त्यांच्याबरोबर ऐकत होतं. चेंडू गवतावर थांबतो त्याचाही आवाज असतो का? असावा, कारण तो थांबला त्याच क्षणी ते म्हणाले, "भोकापासून चार पावलं?"

"पाच," छोटी म्हणाली.

"उतार विसरलो," मास्तर म्हणाले, आणि पायऱ्या चढायला लागले.

ते जिंकले नाहीत. तेविसात नववे आले. दाताळीला त्यांच्याशी बोलायलाही फारसं मिळालं नाही. पुढचा खेळाडू यायच्या आत वाळू सारखी करायची होती, आणि ती खाली उतरली. परत वर आली तेव्हा ते दहाव्याकडे निघून गेले होते. जाताना छोटीने लांबून हात केला.

"एक विचारू?" नवरा म्हणाला. "त्या माणसाला हे सगळं दिसलं असतं, तर त्याने एवढं बघितलं असतं का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला दिसत होतं. मी नव्हतं बघितलं."

आता पावसाळ्याआधी महिनाभर मॅनेजर तिला बाकी कामातून मोकळं करतो. ती एकेक बंकर घेते. आधी दाताळं, मग बूट काढून, डोळे मिटून, पाऊल पाऊल. पहिल्याच वर्षी तिने सहाव्यापाशी एक दबलेला पाइप शोधला. बाराव्यापाशी तिची चूक झाली, तिथे खणून काहीच निघालं नाही, आणि मुकादमाने निवृत्त होईपर्यंत तिला त्यावरून चिडवलं. मास्तर वर्षातून एकदोनदा येतात, कधी खेळायला, कधी नुसते विहिरीत उभे राहायला.

परवा चौदाव्यापाशी ती अशीच वाळूत उभी होती. नवा एक खेळाडू आपला चेंडू शोधत आला, आणि मिटल्या डोळ्यांची, अनवाणी, मधल्या वयाची बाई वाळूत खांबासारखी उभी बघून दचकला.

"बाई, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "तुमचा चेंडू उजवीकडे, काठाखाली आहे. दोन मिनिटं थांबा, माझं ऐकून होऊ दे."

तो थांबला.